अकरा पक्ष्यांची नोंद

चाचांना पक्ष्यांच्या शिट्ट्या आल्या त्या बोलायला शिकायच्या वयातच. अक्षरं मात्र कधीच आली नाहीत. गंगेच्या काठी, भागलपूरच्या बाजूला, मीरशिकारांच्या वस्तीत त्यांचा जन्म. मीरशिकार ही पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून पोट भरणारी बिहारमधली जमात. झाडाचा चीक आटवून केलेला चिकट लासा, एकात एक खोचून लांबवायच्या बांबूच्या काठ्या, फास आणि जाळी ही त्यांची हत्यारं. फांदीवर बसलेल्या मुनियेला लासा लावलेलं टोक पाठीला टेकेपर्यंत पत्ता लागत नसे. बाप पक्षी पकडायचा, पोरगा पिंजरा धरायचा आणि बाजाराच्या दिवशी दोघं मिळून विकायचे. वाटेत मेलेले पक्षी बाप नदीत टाकून द्यायचा. किती मेले ते त्यानं कधी मोजलं नाही. मोजायचे ते विकायला उरलेले.

अशा माणसाला पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तळावर काम मिळालं. पक्षी पकडून, त्यांच्या पायात क्रमांकाची रिंग घालून, पुन्हा सोडून द्यायचं काम. (या गोष्टीतली माणसं आणि प्रसंग कल्पनेतले आहेत. जागा, काम आणि पक्षी मात्र खरे.) सोसायटीनं मीरशिकारांना बोलावलं त्याला कारण होतं. पक्षिशास्त्राची पदवी असलेल्या माणसाला पक्षी ओळखता येतो, पण जिवंत, धडधाकट हातात आणायचा तर त्याला वेगळं शिक्षण लागतं. ते शिक्षण ज्यांच्याकडे होतं, त्यांच्याकडे पदवी नव्हती.

हे काम सुरू कसं झालं तेही सांगायला हवं. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि मागोमाग माणसं तापानं फणफणू लागली. आज आपल्या दोडामार्गात आणि गोव्याच्या सत्तरीत ज्याला माकडताप म्हणतात, तोच हा रोग. गोचिडीतून पसरणारा तो विषाणू रशियात आढळणाऱ्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला आणि बोट दाखवलं गेलं उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांकडे. यांच्या अंगावरच्या गोचिड्यांनी तर हा रोग इथे आणला नाही? जागतिक आरोग्य संघटनेनं मदत दिली, १९५९ पासून सोसायटीनं मोठ्या प्रमाणावर पक्षी पकडायला घेतले, अंगावरच्या गोचिड्या तपासल्या, रिंगा घातल्या. पुढच्या चौदा-पंधरा वर्षांत दोन लाखांवर पक्षी त्या वह्यांत नोंदले गेले. पक्ष्यांवरचा तो आरोप सिद्ध झाला नाही. बोलता न येणाऱ्या आरोपीची साक्ष त्या वह्यांनी दिली, असं मला वाटतं, आणि म्हणून त्या वह्यांत काय लिहिलं जातं याला इतकं मोल आहे.

चाचांचा तळ होता कोडियाकरैला. इंग्रजांनी या जागेला पॉइंट कॅलिमर म्हटलं. तमिळनाडूचा किनारा दक्षिणेकडे उतरत येतो आणि इथे एकदम पश्चिमेला वळतो. त्या कोपऱ्यावर वाळू, मिठागरं, दलदल आणि बुटक्या सदाहरित झाडांचा एक काटेरी पट्टा आहे. १९६७ साली तिथे अभयारण्य झालं. पुढे पाल्कची सामुद्रधुनी, पलीकडे श्रीलंका. उत्तरेतून उतरत आलेल्या लहान पक्ष्यांना समुद्रावर झेप घेण्याआधी टेकायला हीच शेवटची झाडी. पावसाळा सरला की नवरंग येतात, स्वर्गीय नर्तक येतात, रान धोबी, तपकिरी खाटीक, माशीमार येतात आणि झुडपाच्या पोटातून दिवसभर टक्‌ टक्‌ करणारे, दृष्टीस क्वचितच पडणारे वटवटे येतात. त्यातला बोरू वटवट्या तर सगळ्यात जास्त. मातकट रंगाचा, दहा-बारा ग्रॅमचा जीव. हा फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या झाडोऱ्यात घरटं करतो आणि हिवाळ्याला आपल्याकडे येतो. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या मेंदीतही तो असतो, फक्त कोणी वाकून बघत नाही.

तळावरचं पक्षी पकडायचं जाळं चाचांच्या बापाच्या ओळखीचं नव्हतं. ते जपानचं. तिथले शिकारी हिवाळ्याच्या तोंडाशी येणारे कस्तुर पक्षी खाण्यासाठी पकडत, त्यासाठी रेशमाच्या बारीक धाग्याची जाळी रानवाटांवर ताणत. दुसऱ्या महायुद्धानंतर पक्षिशास्त्रज्ञांनी ती उचलली आणि जगभर नेली. याला मिस्ट नेट म्हणतात. दहा-बारा मीटर लांब, माणसाच्या डोक्याहून उंच, काळ्या नायलॉनचं. झाडीच्या सावलीत ताणलं की दिसत नाही. पक्षी धडकतो आणि खालच्या झोळीत पडतो.

त्यानंतर माणसाचं काम सुरू होतं, आणि ते सोपं नाही. पक्षी कोणत्या बाजूनं शिरला ते आधी बघायचं. बहुतेक वेळा आधी पाय सोडवायचे, मग पंख, मग डोकं. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळव्याला. छाती दाबायची नाही, कारण श्वास घ्यायला त्याची छाती हलावीच लागते. घट्ट धरलं तर गुदमरतो आणि फार सैल सोडलं तर धडपडीत स्वतःचा पंख दुखावून घेतो. मग सुती थैलीत घालून टेबलाकडे न्यायचा. तिथे त्याच्या मापाची ॲल्युमिनियमची रिंग पक्कडीनं पायात मिटवायची. पंख मुडपून पट्टीवर मिलिमीटरमध्ये मोजायचा. पोटावरची पिसं फुंकून बाजूला करायची, म्हणजे कातडीखाली साठवलेली पिवळी चरबी दिसते. पुढच्या उड्डाणाचं सगळं इंधन तेवढंच. वजन घ्यायचं, पिसं गळताहेत का पाहायचं, लिहायचं आणि सोडायचं. तळावरचा नियम असा की दर अर्ध्या तासाला सगळ्या जाळ्यांवरून फेरी झालीच पाहिजे. ऊन चढलं तर त्याहून लवकर. पाऊस किंवा जोराचा वारा आला तर जाळी गुंडाळून बांधायची.

चाचांना हे नियम कोणी शिकवले नव्हते, आणि त्यांच्याइतके काटेकोरपणे ते कोणी पाळतही नव्हतं. जाळ्यात गुरफटलेला पक्षी त्यांच्या बोटांत आला की धडपड थांबवायचा. तळावरचे लोक म्हणत, चाचांच्या हातात जादू आहे. चाचा म्हणत, घाई नाही, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी तळावर माधव नावाचा मुलगा आला होता. ठाण्याचा, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेला, हुशार आणि मेहनती. लहानपणापासून येऊरच्या रानात दुर्बीण घेऊन भटकलेला. पक्ष्यांवर त्याचं प्रेम होतं, याबद्दल शंका नको. महिन्याभरात तो रिंग घालायला शिकला, तळ सांभाळणाऱ्या सरांनी त्याच्या हातात वही दिली, आणि हळूहळू त्याला आकड्यांची गोडी लागली. आज किती झाले? काल किती होते? मागच्या वर्षी याच तारखेला किती होते? रोज संध्याकाळी तो बेरीज करायचा आणि बेरीज मोठी असली की त्याला जेवण गोड लागायचं. यात वाईट काही नाही. पहिल्या वर्षी प्रत्येकाचं असंच होतं. पण बेरीज हीच कामाची कसोटी वाटू लागली की माणूस घसरायला लागतो आणि घसरताना त्याला कळत नाही.

कोजागरी होऊन गेली होती. ईशान्येचा मान्सून त्या किनाऱ्यावर उतरायच्या बेतात होता. एका रात्री अचानक पावसाची मोठी सर आली आणि पहाटे थांबली. अशा रात्री वरून दक्षिणेकडे चाललेले पक्षी पावसात सापडतात आणि मिळेल त्या झाडीत उतरतात. सर आदल्या दिवशीच सामान आणायला आणि टपाल टाकायला वेदारण्यमला गेले होते. तळ माधवच्या हाती होता.

उजाडताना जाळी उघडली आणि पहिल्याच फेरीत थैल्या संपत आल्या. झुडपाझुडपातून आवाज येत होता. माधवचा चेहरा उजळला. दुसऱ्या फेरीला टेबलाच्या दोरीवर थैल्यांची रांग लागली. तिसऱ्या फेरीला चाचा मधल्या वाटेवरून परत आले ते थेट टेबलाशी.

“बाबू, पलीकडची चार जाळी बांधून टाकू.” चाचांची हिंदी भागलपूरकडची. मी तिचं मराठी करून सांगतोय.

“आज? चाचा, असा दिवस वर्षातून एकदा येतो.”

“म्हणूनच बांधू. सोडवणारे आपण दोघं आणि तो स्वयंपाकाचा पोरगा. त्याला अजून नीट येत नाही.”

“मी भराभर करतो. तुम्ही फक्त आणत राहा.”

चाचा क्षणभर उभे राहिले. तळाचा मुख्य आज माधव होता आणि चाचा पगारी माणूस. पण ते वळले, पलीकडच्या वाटेला गेले, जाळ्यात होते तेवढे पक्षी सोडवले आणि चारही जाळी गुंडाळून सुतळीनं बांधून टाकली. परत येऊन फक्त एवढंच म्हणाले, “सोडवायला हात नसतील तिथे अडकवायचा आपल्याला हक्क नाही. सरांना सांगा, चाचानं ऐकलं नाही म्हणून.”

माधवला राग आला. वाद घालायला वेळ नव्हता. उरलेली जाळीही भरपूर पक्षी देत होती. तो यंत्रासारखा काम करू लागला. थैली, रिंग, पंख, वजन, वही. थैली, रिंग, पंख, वजन, वही. ऊन चढत होतं. थैल्यांमधले पक्षी लवकर मोकळे व्हायला हवेत, हे त्याला कळत होतं, आणि तेवढ्याच लवकर बेरीज शंभराला भिडायला हवी, हेही डोक्यात होतं. दोन्हींसाठी घाई करायची होती. पहिल्या कारणाच्या आड दुसरं कारण बेमालूम लपून जात होतं.

दहाच्या सुमारास चाचा थैल्यांचा एक घोस घेऊन आले. एक पक्षी त्यांनी स्वतःच थैलीतून काढून पुढे धरला. “बाबू, याची चोच बघा.”

“हो, हो. ठेवा.” माधवनं पक्षी घेतला, रिंग मिटवली, वजन केलं, लिहिलं आणि सोडला. बोरू वटवट्या. आणखी एक.

साडेअकराला जाळी बंद झाली. सगळे पक्षी उडून गेले होते, एकालाही इजा झाली नव्हती. बेरीज एकशे चार. माधवनं ती वहीच्या तळाशी लिहून दोनदा अधोरेखित केली.

दिवेलागणीला तो कंदिलाजवळ बसून मुंबईला पाठवायचा तक्ता भरत होता. चाचा न्हायला निघाले होते, सदरा काढता काढता थांबले आणि आत आले. खिशातून त्यांनी पंख मोजायची पट्टी काढली आणि वहीवर ठेवली.

“टेबलाखाली वाळूत पडली होती. दहाला थैल्या घेऊन आलो तेव्हा पायाला लागली. उचलून खिशात टाकली, म्हटलं, बाबूंना देऊ. मग जाळ्यांकडे पळालो, डोक्यातून गेलं. आत्ता हाताला लागली.”

माधव काही बोलला नाही.

“म्हणजे दहानंतर पट्टी माझ्याकडे होती, बाबू. दहानंतर किती पक्षी झाले?”

माधवनं वहीवर बोट फिरवलं. मोजायची गरज नव्हती, त्याला माहीत होतं. “अकरा.”

“त्यांचे पंख कशानं मोजले?”

वहीत अकरा ओळींसमोर अकरा आकडे होते. बासष्ट, एकसष्ट, त्रेसष्ट, बासष्ट. पट्टी सापडेना तेव्हा माधवनं नजरेनं अंदाज केला होता. सकाळपासून इतके पंख मोजले होते की आता पट्टीची गरजच काय, असं त्या क्षणी त्याला वाटलं होतं. आकडे चुकीचे असतील असंही नव्हतं. बहुतेक बरोबरच असतील.

“चाचा, एका मिलिमीटरचा फरक पडला तर काय होतं? सगळे बोरू वटवटेच होते.”

चाचा खाली चटईवर बसले. रागावलेले नव्हते. “माझा बाप पक्षी पकडायचा. पक्षी भ्यायचा, तडफडायचा, त्याचा अर्धा दिवस वाया जायचा, कधी जीव जायचा. का? तर दोन पैसे मिळायचे. मी पण तेच करतो. माझ्याही हातात पक्षी भितो. त्याचं काळीज बोटांना लागतं, तुम्हालाही लागत असेल. सकाळची खायची वेळ मी त्याच्याकडून काढून घेतो. आणि त्याला समुद्र ओलांडायचाय. सरांनी मला पहिल्या वर्षी सांगितलं, चाचा, हे सगळं या वहीसाठी आहे. मला वाचता येत नाही. मी सरांच्या शब्दावर विश्वास ठेवला. तुम्ही लिहिता ते खरं असतं, म्हणून मी पकडतो. वही खोटी असेल तर माझ्यात आणि माझ्या बापात फरक काय राहिला? त्याला निदान पैसे तरी मिळत होते.”

ते उठले आणि न्हायला गेले. जाताना दाराशी वळून म्हणाले, “आणि ती लांब चोच. सकाळी म्हटलं होतं ना मी.”

मला या गोष्टीत सगळ्यात जड वाटतो तो यानंतरचा वेळ. माधवसमोर खोडरबर नव्हतं, नोंदी शाईच्या होत्या. चाचा कोणाला सांगणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. अकरा आकडे तसेच मुंबईला गेले असते, हजारो आकड्यांत मिसळले असते आणि कुणालाही कधीही कळलं नसतं. विज्ञानातला खोटेपणा बहुधा असाच असतो. कोणी मोठा कट रचत नाही. एक दमलेला, चांगला माणूस रिकामा रकाना बघून अस्वस्थ होतो आणि तिथे शक्य वाटेल असा आकडा लिहितो. रिकामा रकाना निदान काही सांगतो: इथे आम्हाला माहीत नाही. भरलेला खोटा रकाना पुढच्या माणसाची ती वाटही बुजवून टाकतो. एकशे चारपैकी त्र्याण्णव नोंदी चोख होत्या. पण ज्याला त्या अकरा ठाऊक नाहीत, त्याच्यासाठी एकशे चारही नोंदी सारख्याच, आणि म्हणून त्र्याण्णवही डागाळलेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. माधवनं त्यांचं सामान उतरवून घेतलं, चहा दिला आणि वही उघडून समोर धरली. सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

“रिंगचे क्रमांक खरे आहेत ना?”

“हो सर. वजनंही घेतलेली आहेत.”

“मग तेवढं राहू दे. पंखाच्या रकान्यात अकराही ठिकाणी आडवी रेघ मार. शेजारी लिही, मोजलं नाही. खाली सही कर, तारीख घाल.” मग थोडं थांबून, “जातीच्या रकान्याचं काय?”

“जात बोरू वटवट्याच, सर. इथे दुसरं कोण असणार?”

सरांनी कप खाली ठेवला. “ही सगळी भावंडं दिसायला सारखी. हातात घेऊन पंखातली पिसं मोजली, चोच मोजली, तरच फरक कळतो. १८६७ साली ह्यूम नावाच्या पक्षी-संग्राहकानं सतलजच्या खोऱ्यात, रामपूरजवळ असाच एक पक्षी मिळवला. चोच लांब, पंख आखूड. त्याला मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या म्हणतात. त्यानंतर आजपर्यंत तो जिवंत असा कोणाच्याही हाताला लागलेला नाही. एक कातडं आहे इंग्लंडमधल्या म्युझियममध्ये, तेवढंच. काहीजण म्हणतात, ती वेगळी जातच नव्हे. मला कधी कधी वाटतं, पक्षी असेलही. आपण ‘इथे दुसरं कोण असणार’ म्हणून सोडून देत असू.”

माधवला चाचांनी पुढे धरलेली ती चोच आठवली. आठवायचा त्यानं खूप प्रयत्न केला. काही आठवेना. त्यानं पाहिलंच नव्हतं.

जातीच्या रकान्यातही त्यानं अकरा रेघा मारल्या आणि लिहिलं: बोरू वटवट्यांपैकी एक, जात निश्चित केली नाही. सरांनी तो तक्ता तसाच मुंबईला पाठवला. माधवच्या पुढच्या वर्षांतल्या वह्या मी मनाशी पाहतो तेव्हा त्यात रिकामे रकाने बरेच दिसतात. ज्या दिवशी पक्षी जास्त, त्या दिवशी जाळी कमी. बेरीज करायची सवय त्यानं सोडली नाही, पण ती अधोरेखित करणं सोडलं.

आता कल्पना बाजूला ठेवून खरं घडलेलं सांगतो. २७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये, लेम फाक बिया इथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राजवळ फिलिप राउंड नावाचे पक्षिशास्त्रज्ञ जाळी लावून रिंगिंग करत होते. जाळ्यात एक मातकट बोरू वटवट्या आला. दिसायला नेहमीचाच. त्यांनी तो नेहमीसारखाच मोजला, आणि मापं जुळेनात. चोच फार लांब, पंख आखूड. त्यांनी फोटो काढले, पिसांचे नमुने घेतले, रिंग घातली आणि पक्षी सोडून दिला. नमुने स्वीडनला लुंड विद्यापीठात स्टाफान बेन्श यांच्याकडे गेले. डीएनएनं उत्तर दिलं: ह्यूमचा पक्षी. १३९ वर्षांनी. त्यानंतर इंग्लंडच्या म्युझियमचे खण पुन्हा तपासले गेले आणि तिथेही याच जातीची कातडी नेहमीच्या बोरू वटवट्यांच्या गठ्ठ्यात, चुकीच्या नावानं ठेवलेली निघाली. काही वर्षांतच अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, वाखानच्या खोऱ्यात त्यांची घरटी करायची जागा सापडली. म्हणजे पक्षी कुठे गेलाच नव्हता. तो माणसांच्या हातातून, माणसांच्या खणातून, चुकीच्या नावानं जात होता. तो सापडला त्याचं श्रेय एका नेमस्त सवयीला आहे: हातात आलेला प्रत्येक पक्षी, ओळखीचा वाटला तरी, मोजायचा.

गोष्टीतल्या माधवनं ही बातमी वाचली तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता, कॉलेजात शिकवत होता. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोडियाकरैच्या त्या सकाळचा पक्षी तोच होता का? हे कधीच कळणार नाही. नसेलच बहुधा. पण ‘बहुधा’ या शब्दापलीकडे जायची एकमेव संधी त्या सकाळी त्याच्या हातात होती, दहा-बारा ग्रॅम वजनाची आणि धडधडत असलेली. आपल्या विद्यार्थ्यांना रिंगिंगचं पहिलं प्रात्यक्षिक द्यायच्या आधी तो ही हकीकत सांगतो, स्वतःचं नाव न लपवता. मग पट्टी देतो.

१८९९ साली डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावच्या मॉर्टेन्सन या शिक्षकानं स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात पत्ता कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगा घातल्या, तेव्हापासून हे सगळं काम एका भरवशावर चाललेलं आहे. कुठेतरी दूर, कोणा अनोळखी माणसाला तो पक्षी सापडेल, तो रिंग वाचेल आणि कळवेल. लहान गाणाऱ्या पक्ष्यांत रिंग घातलेल्या शंभरांतला एकही सहसा परत हाताला लागत नाही. त्यामुळे जो लागतो त्याचा एकेक आकडा मोलाचा. एक आकडा चुकला की कझाकस्तानातून आलेला पक्षी कागदावर केरळातून आलेला ठरतो.

तो अनोळखी माणूस तुम्ही असू शकता. खिडकीच्या काचेवर आपटून पडलेला, मांजरानं आणलेला, रस्त्याच्या कडेला मेलेला एखादा चिमुकला पक्षी दिसला तर त्याचे पाय बघा. रिंग असली तर तिचा सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तिच्यावरची सगळी अक्षरं आणि क्रमांक एकेक करून उतरवा, तारीख आणि गावाचं नाव लिहा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, हॉर्नबिल हाऊसला कळवा. पक्षी जिवंत असेल तर रिंग काढू नका. वाचून झाली की त्याला सोडून द्या. एखादा आकडा झिजलेला असेल, नीट दिसत नसेल, तर अंदाजानं लिहू नका. तिथे जागा मोकळी सोडा आणि ‘वाचता आला नाही’ असं लिहा.